दुसरी तारीख

“वेगळे राहताय त्याला वर्ष झालं ना?” टिपणीस वकिलांनी विचारलं.

“वर्षाच्या वर झालं,” जयंत म्हणाला. “मी इथे नोएडात, ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात. सरकारी क्वार्टर हिच्या नावावर आहे.”

अलकनंदाच्या मांडीवर मीनू झोपली होती. झोपेतही बाबाच्या शर्टाची बाही तिने मुठीत धरून ठेवली होती, आणि जयंतने ती सोडवून घेतली नव्हती.

“मग बिल्कुल साधी केस. दोघांनी मिळून अर्ज करायचा, जजसमोर जाऊन सांगायचं की—”

जयंतचा फोन वाजला. मीनू जागी होऊ नये म्हणून त्याने तिचं एकेक बोट हळूच सोडवलं आणि तो बाहेर गेला. अलकनंदा बघतच राहिली. हा माणूस वाईट नव्हताच कधी. नुसता घाईचा.

“सांगितलं की झालं?” तिने विचारलं.

“छे! सहा महिन्यांनी दुसरी तारीख. पुन्हा दोघांनी यायचं, तेच सांगायचं. तेव्हा कुठे घटस्फोट. मधली सवड विचार बदलायला.”

“आणि समजा,” तिने आवाज खाली आणला, “दुसऱ्या तारखेला एक जण आलाच नाही तर?”

“तर अर्ज बारगळतो. पहिल्या दिवशी दहा सह्या केल्या असोत, नवरा-बायको ते नवरा-बायकोच.”

कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला. एवढंच? मग करू दे त्याला घाई. आज सही करायची आणि त्या दिवशी मीनूला घेऊन घरी बसायचं. नवरा हातचा जाणार नव्हता.

जयंत परत आला तेव्हा ती म्हणाली, “साहेब, पेन देता?”

“अरे वा!” जयंतला हसू आलं. “उगाच घाबरत होतीस. मला अनुभव आहे, वकीलसाहेब. अलकाच्या आधी हेमलताशी लग्न झालं होतं माझं. ती तर रडून रडून सही करत होती.”

“अच्छा! मग तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. दुसऱ्या तारखेला—”

“दुसरी कसली? एकदाच गेलो होतो आम्ही. जजसमोर सह्या केल्या, संपलं. नंतर ना ती फिरकली, ना मी.”

वकिलांनी पुढे केलेलं पेन तसंच त्यांच्या हातात राहिलं.

“हेमलताबाई असतात कुठे?”

“ग्वाल्हेरला, माहेरी. अजून माझंच आडनाव लावते, वेडी!”

वकिलांनी अलकनंदापुढचा कागद हलकेच मागे ओढून घेतला. तिच्याकडे बघणं त्यांना जमेना.

“मग सही यांची नको,” ते जयंतला म्हणाले. “हेमलताबाईंना घेऊन या.”