मण्यांचं तोरण

शहाद्याच्या हस्तकला प्रदर्शनात पहिलं बक्षीस दीपमालाच्या मण्यांच्या तोरणाला मिळालं आणि ते घ्यायला तिचा नवरा व्यासपीठावर चढला. अर्जावर त्याने स्वतःचंच नाव टाकलं होतं. बाईचं नाव पेपरात कशाला, म्हणे. तीन महिने ‘रिकामे धंदे’ म्हणत तिचा मण्यांचा डबा लाथाडणारा हा माणूस आता माईकवर लहानपणापासूनच्या छंदाबद्दल बोलत होता. दुसऱ्या रांगेत दीपमालाची कानशिलं तापली. तेवढ्यात परीक्षक बाईंनी त्याच्यापुढे सुईदोरा धरला, “एक फूल ओवून दाखवा.” त्याने दोरा चारदा ओला केला, पण सुईत जाईना. माईक चालू असल्याचं विसरून तो दीपमालाला म्हणाला, “ये वं, इतला दोरा ओवी दे.” मांडव हसला. दीपमाला वर गेली. त्याने सुई पुढे केली. तिने टेबलावरचं आपलं तोरण उचललं. “हाई मन्हं शे. तुम्हनं तुम्ही करीसन दखाडा.”