झाडाखालची गाय

पांढरं विमान आवाज न करता छपरावरून गेलं आणि मागच्या कुरणात गवतावरून घरंगळत थांबलं, तेव्हा मालकीणबाई दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी हातातल्या चादरीला चिमटे लावले आणि मगच नवऱ्याला हाक मारली.

"अहो, उठा. मागे कुणीतरी आलंय."

मालकांची दुपारची झोप म्हणजे घरातलं सगळ्यात पवित्र काम. ते दुखरा गुडघा चोळत, कुरकुरत बाहेर आले. तोवर विमानातून साठी उलटलेला एक गृहस्थ उतरून तडक घराकडे निघाला होता. बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्यांची तशी रीतच असते. वारा साथ देईनासा झाला की मिळेल त्या रानात उतरायचं, आणि विमान हलवण्याआधी मालकाची माफी मागायची.

"माफ करा हं," टोपी काढत वैमानिक म्हणाला. "वारा एकाएकी पडला. तुमचं कुरण रिकामं दिसलं म्हणून उतरलो."

"रिकामं?" मालकांनी कुरणभर नजर फिरवली. पलीकडच्या कुंपणाची तार तुटून लोंबत होती. "अहो, माझी गाय कुठंय?"

गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला वासरू पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला मालक तिला डोळ्यांत तेल घालून जपत होते. आज गुडघ्यानं उचल खाल्ली म्हणून सकाळपासून तिच्यावर लक्ष ठेवायचं काम मालकीणबाईंकडे होतं.

"इथं गाय नव्हती. दोन घिरट्या घालून बघितलं मी. जनावर दिसलं असतं तर उतरलोच नसतो."

"म्हणजे मी खोटं बोलतोय? अगं, गाय होती ना इथं?"

"होती की," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या झाडाखाली. आत्ता चादरी घालताना बघितली मी, रवंथ करत बसली होती."

वैमानिकाचा चेहरा खाडकन उतरला.

मग मालकांनी तोंडाचा पट्टा सोडला. डोळे घरी ठेवून उडता काय, मुक्या जनावराच्या अंगावर येता काय, ती बिचारी जिवाच्या भीतीनं तार तोडून पळाली, आता वासराचं काय होईल! वैमानिक मान खाली घालून ऐकत राहिला. मालकीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वयाच्या माणसाला असं बोलतात का कुणी? पण या नवऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती.

मालक गाडी काढून रस्त्यानं शोधायला गेले. वैमानिकानं कुंपणापलीकडची सगळी झाडी पालथी घातली आणि हात ओरबाडून घेऊन रिकामाच परत आला. मालकीणबाईंनी त्याला मागच्या पायरीवर बसवून चहा दिला.

"मुलंबाळं?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. वर्षभर मागे लागलीय, बाबा, तुमचे डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत, आता पुरे करा. मी उलट तिच्यावरच खेकसायचो." त्यानं कप हातात नुसताच फिरवला. "बायको गेल्यापासून एवढं एकच उरलंय हो. वर गेलं की जरा जिवाला बरं वाटतं."

मालकीणबाई पदर सावरून शेजारी टेकल्या.

"वय झालं की व्हायचंच असं. त्यात लाज कसली? त्या झाडाची सावली दाट आहे, कुणालाच दिसली नसती."

"सावलीतलंच तर दिसायला हवं, ताई. आज गाय होती. उद्या एखादं पोर खेळत असेल."

त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "घ्या ना. मुलं किती तुम्हाला?"

"एकच मुलगी," तो हळूच म्हणाला. मग त्यांच्याकडे सरळ बघत त्यानं विचारलं, "ताई, रागावू नका. पण तुम्ही गाय नक्की बघितली ना?"

"अहो, डोळ्यांसमोर आहे माझ्या. शेपटीनं माश्या वारत होती."

त्यानं मान हलवली, खिशातून फोन काढला आणि तिथंच बसून क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं, "माझं नाव काढून टाका. विमानालाही गिऱ्हाईक बघा... नाही, रागानं नाही. समोरची गाय दिसली नाही मला."

संध्याकाळी त्याचा मेहुणा लांबलचक ट्रेलर घेऊन आला. दोघांनी विमानाचे पंख सोडवून आत ठेवले. तेवढ्यात मालकही हात हलवत परतले. वैमानिकाची अवस्था बघून त्यांचा राग अर्धा झाला.

"जाऊ द्या आता," ते पुटपुटले. "माणूस आहे, चुकायचंच."

"गायीचं काही कळलं तर तेवढं कळवा," वैमानिक म्हणाला. त्यानं नंबर दिला, पुन्हा एकदा हात जोडले आणि मेहुण्याशेजारी जाऊन बसला. ट्रेलर वळणाआड जाईपर्यंत मालकीणबाई दारात उभ्या होत्या.

"बिचारा," त्या आत येत म्हणाल्या. "वय कुणाला चुकलंय?"

एवढ्यात फोन वाजला. टेकडीपलीकडचा गोठेवाला होता.

"वहिनी, गाय न्यायला दादा येतायत की मीच आणून सोडू?"

"सापडली? बरी आहे ना? अहो, विमानाला घाबरून पळाली होती ती!"

"कसलं विमान? सकाळीच तार तोडून माझ्या दारात येऊन उभी राहिली. दिवसभर वाट बघतोय. तेव्हाच नाही का फोन केला तुम्हाला? 'ह्यांना लगेच पाठवते' म्हणालात की!"