पहिल्या व्हॉल्वचा सूर

"धर!" गिटारची तार छेडून हेरंब ओरडला, आणि फ्रिजला टेकून मेथी निवडत बसलेल्या वृंदाने निमूटपणे "हूंऽऽ" असा सूर धरला.

इलाजच नव्हता. मित्राने गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचे चार जुने व्हॉल्व, म्हणजे आवाज घडवणाऱ्या बल्बसारख्या काचेच्या नळ्या, ऐकून बघायला दिले होते. संध्याकाळी एक ठेवून बाकीचे परत करायचे होते. पण तापलेला व्हॉल्व निवून दुसरा बसवेपर्यंत पहिल्याचा आवाज हेरंबच्या कानातून पार निघून जायचा. भजनी मंडळात पुढे बसून गाणारी बायको घरात असताना तो आवाज धरून ठेवायला आणखी कोणाला बोलवायचं?

दुसरा व्हॉल्व बसला. हेरंबने तार छेडली, वृंदाचा "हूंऽऽ" ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "पातळ!" तिसरा त्याला घोगरा वाटला. चौथ्याला तर त्याने शिव्याच घातल्या. "पहिला तो पहिलाच! काय ऊब, काय गोलाई! असा माल आता बनत नाही, वृंदा." बाकीचे तीन त्याने कापसात गुंडाळून खोक्यात भरलेसुद्धा.

"एक सांगू? रागावणार नाही ना?" मेथीच्या काड्या गोळा करत ती म्हणाली. "तुमचा तो पहिला आवाज मी केव्हाच विसरले. पाठीमागे फ्रिज घुमत होता, त्याच्याच सुरात सूर लावून बसले होते."

हेरंब उठला. त्याने फ्रिजच्या दाराला कान लावला आणि डोळे मिटले.

"वृंदा," तो हळूच म्हणाला, "हा आपण कुठल्या साली घेतला गं?"