एक तरी हिरवं

पुन्हा पांढरंच.

गहूबाईने काचेची नळी दिव्यासमोर धरली. आतल्या जेलीवर गव्हाचं कोवळं पातं उभं होतं, चुना फासल्यासारखं. फुलातल्या परागकणापासून गव्हाचं अख्खं रोप वाढवायचं, हे तिचं काम. रोपं येत होती, पण हिरवेपणाशिवाय. जेलीतली साखर संपली की माना टाकत. प्रयोगशाळेत रोपांना भुतं म्हणत आणि तिला गहूबाई. नवरा म्हणायचा, एवढी खटपट कशाला, पीठ आयतं मिळतं.

दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. एक तरी हिरवं दिसलं नाही तर खोलीला कुलूप, आणि तिला घरचा रस्ता. जादा खुर्च्या ठेवायला जागा हवीच आहे, असं सरांनी आधीच सांगून टाकलं होतं.

म्हणून तिने एका भुताला खायचा हिरवा रंग पाजला. तो पात्यात चढल्यावर रोप स्वच्छ जेलीत हलवलं आणि नळी रॅकच्या कोपऱ्यातल्या खाचेत ठेवली.

समितीने माना डोलावल्या. एकाने तर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खोली वाचली. मग सर सहज म्हणाले की हे हिरवं कसं झालं ते कळायला हवं, उद्या तपासायला पाठवू. गहूबाईला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. कोपऱ्यातली नळी उचलली. पातं कालच्यापेक्षा टवटवीत दिसत होतं. रंग चांगल्या प्रतीचा निघाला, असं तिला वाटलं. निकामी नळ्या उकडायच्या वाफेच्या भांड्यात तिने ती टाकली आणि झाकण आवळलं. बुरशी लागली होती, असं सांगायचं ठरलं होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं तेव्हा नवऱ्याला पटलंही होतं.

भांडं निवत असताना सर आले. हातात नळी होती. आतली जेली हिरवी, रोप पांढरं फटक.

"काल बायकोला दाखवायला घरी नेलं," सर म्हणाले. "रात्रीत सगळा रंग खाली उतरला. खायचा ना?"

गहूबाईने मान खाली घातली.

"असू दे. कुणाला सांगत नाही मी. आता गरजही नाही. काल निघताना खालच्या कप्प्यात एक खरोखरचं हिरवं सापडलं. याच्याच जागी ठेवलंय."