आधी तुमी निजा

"आधी तुमी निजा," पुष्पलता सी.टी. स्कॅनच्या खोलीबाहेर अडून बसली. "तुमाले काही झालं नाही, तं मंग मी."

प्रेमलालनं कपाळावर हात मारला. लग्नापासून हे असंच चाललं होतं. कडू गोळी आधी त्यानं खाऊन दाखवायची, वैनगंगेच्या पाण्यात आधी त्यानं उतरायचं, मग बाईसाहेबांचा पाय पुढे. मागच्या आठवड्यात सोनोग्राफीलाही तीच तऱ्हा. पोट हिचं दुखत होतं आणि थंडगार जेल आधी प्रेमलालच्या पोटाला. नंतर तो बाहेर बसला, ही बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"किडनीत गाठ दिसते म्हणते डॉक्टर," तिनं सांगितलं. "मोठ्या मशीनचा फोटो काढा लागते."

तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. थोरला भाऊ मोतीलाल याच्या गळ्यात गाठ निघाली होती, तेव्हा तपासणीचा निकाल यायच्या आधीच त्यानं अन्न सोडलं. गाठीनं नव्हे, धसक्यानंच गेला. पुष्पलताचं तसं होऊ नये, एवढंच प्रेमलालला हवं होतं. तिच्यासाठी तो मशीनखालीच काय, रोडरोलरखालीही निजला असता.

"मले कोणती धाड भरली?" म्हणत तो आत गेला आणि टेबलावर आडवा झाला.

मशीन घुमू लागली. "श्वास रोखा," आवाज आला. मग "सोडा." मग पुन्हा "रोखा." नुसतं दाखवायला एवढी कवायत कशाला, हे त्याला कळेना. मशीन गरम करत असतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

पुष्पलता मात्र आत गेली तशी बाहेर आली.

"झालं बी?"

"हौ."

"माह्या वेळेस तं लय लावलं."

"तुमचं पोट मोठं हाय नं," ती म्हणाली आणि भिंतीकडे पाहत राहिली.

थोड्या वेळानं डॉक्टर संध्यांनी दोघांना बोलावलं. कॉम्प्युटरवर किडनीचं चित्र होतं आणि तिच्या कडेला एक काळा डाग.

"चरबी अशी काळी दिसते," त्या म्हणाल्या. "ही चरबीची गाठ आहे, कॅन्सर नाही. आत्ता ऑपरेशन नको. फक्त ती वाढली तर आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा. चुकवायचा नाही."

प्रेमलाल गोंधळला. "चरबी? हिच्या हाडावर मांस नाही, मॅडम."

"बारीक माणसालाही होते," डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात पुष्पलता हमसून हमसून रडायला लागली. आठवडाभर डोळ्यांतून टिपूस नाही आणि आता चांगली बातमी ऐकून हा पूर. प्रेमलालच्या डोक्यात काही शिरेना.

"काहून रडून राह्यली? वाचली नं तू," तो म्हणाला. इतका आनंद त्याला पोरगी झाली तेव्हाही झाला नव्हता. "बस इथंच. मी पेढे घेऊन येतो."

तो गेल्यावर डॉक्टरांनी दार लोटलं.

"आता तरी खरं सांगा त्यांना. गाठ त्यांच्या किडनीत आहे. हे लपवणं मला पटत नाही."

"नोको, मॅडम." पुष्पलतानं पदरानं डोळे पुसले. "गाठीचं नाव ऐकलं तं थोरल्या भावावानी हेही जेवण सोडतीन, मंग इकडं पाय ठेवणार नाहीत. तुमी काळजी नोका करू. सहा महिन्यानं मले पुन्हा मशीनचं भेव वाटन."