जिन्यातली नायिका

“हिच्यात शक्ती आली कुठून?” चित्रकथेची पानं चाळत संपादक सबनीसांनी विचारलं. “एखादी उल्का दाखवा, नाहीतर छापता येणार नाही.”

“उल्का नाही दाखवणार,” मृण्मयी म्हणाली. “माझी आई नर्स होती. पुराचं पाणी दवाखान्यात शिरलं, तेव्हा तिनं अकरा पेशंट पाठीवरून माडीवर नेले. बाराव्याला नेताना जिन्यातच तिचा गुडघा निकामी झाला. माझ्या नायिकेला नेमकं तिथंच उडता येऊ लागतं.”

“आणि आई?”

“तिला कुठलं उडता येणार! पेशंटला घेऊन ती रांगत वर गेली.”

सबनीसांनी पानं खाली ठेवली. “मग आधी रांगणं दाखवा. उडणं दुसऱ्या पानावर.”

घरी जाण्याइतका धीर मृण्मयीला नव्हता. तिनं तिथंच कोरा कागद पसरला आणि पायरीवर टेकलेला आईचा हात चितारायला घेतला.