ओली गोधडी

"सिग्नलचा हात खाली होता साहेब, म्हणून तर गाडी आणली," म्हातारा ड्रायव्हर पुन्हा म्हणाला.

"तो बघा, आडवा आहे. आडवा म्हणजे थांबा," चौकशीला आलेले साहेब म्हणाले. इंजिनाखाली रूळ तपासायच्या ट्रॉलीचा चुराडा पडला होता. "डोळे गेलेत तुमचे. नोकरीही गेली समजा."

गेटमनची बायको फाटकाजवळून ऐकत होती. केबिनपासून सिग्नलपर्यंतची, त्याचा हात ओढणारी तार तिच्या अंगणाला लागून जायची. दिवसाला एकच गाडी, म्हणून ती तारेवर कपडे वाळत घालायची. आज पहिल्यांदाच भिजलेली गोधडी टाकली होती. धडक ऐकल्यावर ओढून काढली.

नवऱ्यानं डोळ्यांनीच दटावलं, गप्प राहा.

ड्रायव्हरनं चष्मा पुसला. "असेल माझीच चूक," तो पुटपुटला.

ती आत गेली, ओली गोधडी आणली आणि सगळ्यांदेखत तारेवर टाकली. लांबवर सिग्नलचा हात हळूच खाली आला.